विश्लेषण : मोहाची ‘व्हाइट वाइन’ का होत नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीतून मार्च-एप्रिलमध्ये दोन प्रकारच्या बातम्या हमखास येतात. पहिली, पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बाईवर वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केल्याची. दुसरी, पोलिसांनी जंगलात धाड टाकून इतक्या ड्रममधला मोहसडवा नष्ट केल्याची. दोन्ही बातम्या एकाच फुलाच्या आहेत, तरी त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. अलीकडे त्यांत तिसरी भर पडली आहे : मोहापासून ‘दर्जेदार’ मद्य, मोहाची वाइन, मोहावर आधारित उद्योग. नाशिकच्या द्राक्षाने जे केले ते विदर्भातल्या मोहाने का करू नये, असा प्रश्न त्यामागे असतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधताना रसायनशास्त्र, हवामान, अबकारी कायदा आणि गडचिरोलीतल्या बायकांचे आंदोलन या चारही गोष्टींपाशी थांबावे लागते.

चांगल्या व्हाइट वाइनला थंड समुद्रकिनारा का लागतो?

व्हाइट वाइनची खरी ओळख तिच्या आंबटपणात असते. द्राक्ष पिकताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मण्यात साखर वाढते आणि आम्ल कमी होते. मॅलिक आम्ल तर उष्णतेत फार लवकर जळते, कारण वेल श्वसनासाठी तेच वापरते. रात्र थंड असेल तर हा खर्च कमी होतो आणि साखर भरली तरी आंबटपणा टिकतो. उष्ण प्रदेशात मात्र साखर पुरेशी होईपर्यंत आम्ल निघून गेलेले असते. अशा द्राक्षाची वाइन चवीला सपक लागते.

समुद्र इथे कामाला येतो. तो उन्हाळ्यात दुपार फार तापू देत नाही आणि हिवाळ्यात वेल गोठू देत नाही. स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियात, रियास बायशास नावाचा भाग आहे. अटलांटिकचे पाणी तिथे खाड्यांमधून आत आलेले आहे. पाऊस भरपूर, हवा दमट. तिथले अल्बारिन्यो हे पांढरे द्राक्ष आंबट, किंचित खारट चवीच्या वाइनसाठी प्रसिद्ध आहे. दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून तिथले शेतकरी वेल जमिनीपासून उंच, ग्रॅनाइटच्या खांबांवरच्या मांडवावर चढवतात. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराने तो मांडव पाहिला तर त्याला फारसे परके वाटणार नाही. न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्यॉ ब्लाँ किंवा चिलीतल्या कासाब्लांका खोऱ्यातली वाइन हीसुद्धा समुद्रावरून येणाऱ्या गार हवेचीच देणगी. कासाब्लांकात तर सकाळी धुके येते आणि बाग दुपारपर्यंत गार राहते.

पुढचे कामही थंडीचेच. पांढरी द्राक्षे शक्यतो पहाटे तोडतात, लगेच दाबून रस काढतात आणि साली बाजूला करतात. रस काही काळ गार ठेवून गाळ खाली बसू देतात. मग स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे संथ आंबवण चालते. तापमान वाढले की यीस्ट घाईने काम उरकते आणि फळाचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. दर लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होतो. म्हणजे १२ टक्क्यांच्या वाइनसाठी लिटरमागे २०० ग्रॅमच्या थोडी वर साखर हवी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग नाशिकला कसे जमले?

नाशिकजवळ समुद्र नाही आणि तिथला मे महिना थंड म्हणावा असा नसतो. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली जातो. बागायतदारांनी याचाच उपयोग करून घेतला. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात पिकतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून वेलाचे वर्षच फिरवले गेले. त्यामुळे फळ ऐन थंडीत भरते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. समुद्राने जे काम गॅलिसियात केले, ते इथे कात्रीने केले.

सुला विनयार्ड्सने १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण आणले, त्यात वाइनला अबकारी सवलती होत्या. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नाशिकची वाइन निव्वळ हवामानावर उभी राहिलेली नाही. तिच्यामागे सरकारने मुद्दाम वेगळी वाट काढून दिली. त्या वाटेचा पायाच असा होता की, वाइन हे शेतमालाचे प्रक्रिया केलेले उत्पादन मानायचे.

चंद्रपूर-गडचिरोलीत द्राक्ष लावता येईल का?

हौसेने परसात वेल चढेल. व्यवसाय मात्र अवघड आहे. हा भाग धानाचा, पावसाचा आणि जंगलाचा. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी उन्हाळ्यात ४६-४७ अंशांपर्यंत तापतात. नाशिकसारखी उंची नाही, जमीनधारणा छोटी, आणि द्राक्षाला लागणारा भांडवली खर्च इथल्या धान उत्पादकाच्या आवाक्याबाहेरचा. इथे साखर पिकते ती वेलावर नाही, मोहाच्या झाडावर. तिच्यासाठी कोणी नांगरट केलेली नसते, खत घातलेले नसते.

मोहाच्या फुलात असते तरी काय?

मोहाचे झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळते आणि उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. फुलाची पाकळी म्हणजे मांसल, फिकट पिवळसर पांढरा गर असतो. रात्री फुलतो आणि पहाटेपासून टपटप गळतो. म्हणून वेचणारे, बहुतांशी बायका आणि मुले, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. त्याच वेळी अस्वलही पोचते, कारण त्यालाही हा गोडवा माहीत असतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघाची भर पडते. वाकून फुले वेचणाऱ्या माणसाची उंची वाघाला चार पायांच्या भक्ष्याइतकी दिसते, असे वन कर्मचारी सांगतात.

ताजे फूल चांगलेच रसाळ असते, त्याच्या वजनात बहुतेक पाणीच. तीन-चार दिवस उन्हात वाळवले की ते तपकिरी, मनुक्यासारखे होते आणि वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरते. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक, चांगल्या मालात साठ टक्क्यांच्या आसपास साखर भरते. आता मघाचा आकडा आठवा. लिटरमागे २०० ग्रॅमच्या वर साखर हवी असेल तर साडेतीनशे ग्रॅम सुके मोह पाण्यात भिजवले की काम झाले. साखरेच्या हिशेबात मोह द्राक्षाला भारी पडतो.

अडते ते आंबटपणापाशी. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक आम्ल असते, मोहफुलात त्या मानाने नगण्य. शिवाय द्राक्षाचा रस हा फळाच्या सालीआड जपलेला असतो. मोहफूल जमिनीवर पडते, तेही पालापाचोळ्यात किंवा जाळून साफ केलेल्या राखेत. वाळवणही बहुधा अंगणातच. त्यामुळे त्यासोबत माती, धूर आणि हजार जातींचे जिवाणू येतात. आम्ल कमी असले की या जिवाणूंना रान मोकळे मिळते. एप्रिलच्या उकाड्यात भिजवलेले मोह एक-दोन दिवसांतच आपोआप फसफसायला लागते आणि लक्ष दिले नाही तर शिरक्याच्या वाटेला लागते. वाळताना रंग तपकिरी झालेला असतो, त्यामुळे पांढरी वाइन हा शब्द तसाही उरत नाही. वर मोहाचा तो ओळखीचा उग्र वास. तो ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, ज्याला नाही त्याला खोलीतही नको होतो.

प्रयोगशाळेत यावर उपाय झाले आहेत. आम्ल वरून घालायचे, निवडक यीस्ट वापरायचे, तापमान आवरायचे, की पिण्याजोगी वाइन मिळते. भारतातल्या संशोधकांनी तशी ती करून पाहिलेली आहे. पण खरी हलकी, फिकट वाइन हवी असेल तर ताजे फूल गळल्यापासून काही तासांत गार करावे लागेल. भामरागड किंवा एटापल्लीच्या टोल्यावरून पहाटे वेचलेले फूल शीतगृहापर्यंत कसे न्यायचे, याचे उत्तर यीस्टकडे नाही.

वाइन आणि हातभट्टी यांत नेमका फरक काय?

आंबवणे हे दोन्हीकडे सारखेच. भिजवून आंबवलेल्या मोहाला आपल्याकडे सडवा म्हणतात. पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द तोच. शास्त्राच्या भाषेत सडवा म्हणजे कच्ची, न गाळलेली वाइनच. वाइन करणारा इथे थांबतो, तिला निवळू देतो आणि बाटलीत भरतो. भट्टीवाला पुढे जातो. तो सडवा उकळतो. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतो आणि पाणी १०० ला, त्यामुळे आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण जास्त असते. ती वाफ गार केली की दारू. सडव्याचा वास, आंबूसपणा, गढूळपणा बराचसा मागे राहतो. मोहाने शतकानुशतके वाइनऐवजी भट्टीची वाट धरली, त्याचे एक साधे कारण हे असावे की, उष्ण प्रदेशात आंबवलेले पेय टिकत नाही, गाळलेले टिकते.

मोहाची दारू विषारी असते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. मोठे विषारी दारूकांड घडते ते बहुधा मिथेनॉल मिसळल्यामुळे, आणि ते येते औद्योगिक वापराच्या रसायनातून. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली ती अशीच. गावठी भट्टीत वेगळे धोके आहेत : नवसागरासारखी भर, गंजलेले ड्रम, आणि तीव्रतेचा कसलाच अंदाज नसणे. आणि विष नसलेली दारूही यकृताला, घराला आणि मजुरीला जे करते ते करतेच. गडचिरोलीतले आंदोलन मिथेनॉलवरून उभे राहिलेले नव्हते.

कायदा काय सांगतो?

मोहफुलावरचा पहारा जुना आहे. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय ती गोळा करणे आणि बाळगणे गुन्हा ठरवले. कारण नैतिक नव्हते, अबकारी महसुलाचे होते. घरोघरी दारू गाळली गेली तर ठेक्याच्या दुकानात कोण जाणार? स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आणि १९५० च्या मोहफूल नियमांत हेतू बदलला, पहारा तसाच राहिला. फूल वेचणाऱ्याला ते साठवायची आणि वाहून न्यायची धास्ती, म्हणून हंगामातच गावात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यायचे, अशी रीत पडली. २०२१ मध्ये राज्य सरकारने गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यांवरचे हे निर्बंध सैल केले. पुढे २०२२ मध्ये काजूबोंडे आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय झाला. जंगलात हजारो वर्षे असलेल्या फुलाची दारू ‘विदेशी’ कशी, हा प्रश्न अबकारी खात्याच्या शब्दकोशाला विचारण्यात अर्थ नाही. तिथे या शब्दाचा संबंध कराशी आणि दुकानाच्या परवान्याशी असतो, भूगोलाशी नसतो.

आता जिल्ह्यांचे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, गावोगावच्या बायका आणि ग्रामसभा यांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ मध्ये तिथे दारूबंदी आली, ती आजही आहे. चंद्रपुरात ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने लढा उभारला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तिथे बंदी लागू झाली. अवैध विक्री, बनावट दारू आणि गुन्हे वाढल्याचे कारण देऊन राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती उठवली. त्यामुळे आज वैनगंगेच्या एका काठावर परवाना असलेले दुकान आहे आणि दुसऱ्या काठावर तीच बाटली गुन्हा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद केला गेला. त्या निर्णयातही दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते. म्हणजे मोहाची उत्कृष्ट वाइन उद्या तयार झाली तरी ती गडचिरोलीत विकता येणार नाही.

विरोध नेमका कशाला?

गडचिरोलीत मोहापासून मद्याचा कारखाना काढण्याचा विषय निघाला तेव्हा दारूमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा सरळ आहे. बंदी असलेल्या जिल्ह्यात रोज टँकर भरून मद्य तयार होणार आणि ते एक थेंबही बाहेर गळणार नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानातून गावागावांत दारूविक्री बंद करण्यासाठी लोक झटत आहेत. ज्या गावात बायकांनी रात्री पहारा देऊन भट्ट्या फोडल्या, तिथे सरकारच भट्टी टाकते, हा संदेश त्यांना मान्य नाही.

दुसरी बाजूही गावातलीच आहे. गोंड, माडिया समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवपूजा यांत मोहाच्या दारूला स्थान आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती ती गाळण्याची सूट आहे. सीमेपलीकडचा नातलग करतो ते इकडे केले की गुन्हा, हे अनेकांना कळत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि वापर बंद करण्याचा किंवा मर्यादित ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि त्याच कायद्याने गौण वनोपजाची मालकीही. म्हणजे फूल कोणाचे आणि त्याचे काय करायचे, हे दोन्ही प्रश्न मंत्रालयाआधी ग्रामसभेत यायला हवेत. कारखान्याच्या चर्चेत ग्रामसभेचे नाव फार उशिरा येते, ही तक्रार दोन्ही बाजूंकडून ऐकू येते.

इतरांनी काय केले?

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला ‘वारसा पेय’ म्हटले. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मोहाच्या दारूसाठी ‘हेरिटेज’ धोरण आणले आणि अलिराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांना गाळण्याचे परवाने दिले. योगायोग असा की, नाशिकच्या वाइन द्राक्षांचा मोठा तालुकाही दिंडोरीच. एका दिंडोरीत वाइनरी बघायला पुण्या-मुंबईचे पर्यटक येतात. दुसऱ्या दिंडोरीत बचत गटासमोर प्रश्न आहे तो बाटली शहरातल्या दुकानापर्यंत नेण्याचा. मध्य प्रदेशच्या धोरणात एक गोष्ट चांगली आहे, उत्पादनाचा हक्क आदिवासी गटांकडेच ठेवला आहे. फूल आदिवासींचे आणि नफा बाटलीवर नाव असलेल्याचा, हे तिथे निदान कागदावर तरी टाळले आहे.

मोहाला दारूशिवाय बाजार आहे का?

आहे, पण त्याला फूल स्वच्छ लागते. झाडाखाली जाळी बांधली की फूल मातीत पडत नाही, पालापाचोळा जाळावा लागत नाही (एप्रिलच्या वणव्यांचे एक कारण हा जाळ असतो) आणि बाईला अंधारात वाकून वेचत बसावे लागत नाही. उजाडल्यावर जाऊन जाळी उतरवायची. छत्तीसगडमध्ये हा प्रयोग झाला. तिथलीच सुकवलेली मोहफुले जुलै २०२१ मध्ये समुद्रमार्गे फ्रान्सला गेली, ज्या देशाला वाइन कोणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडेही बचत गट मोहाचे लाडू, सरबत, मनुके करतात. घरात तर ते नवीन नाहीच. मोह भाजून, हरभऱ्याबरोबर उकडून किंवा भाकरीत घालून खाणे हे इथल्या टंचाईच्या महिन्यांचे जेवण होते. फुलांनंतर येणाऱ्या टोळीचे तेल अजूनही अनेक घरांत वापरात आहे.

मात्र जाळीला पैसे लागतात, आणि साठवायला कोरडी जागा. पावसाळ्यात मोह ओल धरतो, काळा पडतो, त्याला किडे लागतात. ज्याच्या घराला पत्रा गळतो तो पोते राखून ठेवत नाही. तो एप्रिलमध्येच विकतो, आणि श्रावणात पूजेसाठी किंवा खाण्यासाठी लागले तर त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने परत आणतो. निर्बंध सैल होऊन काही वर्षे झाली, तरी ग्रामसभांच्या मालकीची मोह ठेवण्याजोगी गोदामे दोन्ही जिल्ह्यांत अजून मोजकीच आहेत.